लिंक्ड लिस्टमधून नोड काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिंक्ड लिस्ट म्हणजे नोडांची साखळी: प्रत्येक नोडमध्ये एक किंमत आणि शेजारच्या नोडचा पत्ता. लिस्टमध्ये नोड घालणारा कोड बहुतेकांचा लवकर जमतो. काढणारा कोड मात्र चालल्यासारखा दिसतो आणि नंतर कधीतरी भलत्याच ठिकाणी कोसळतो. खालच्या उत्तरांत `पुढे` म्हणजे नोडमधला पुढच्या नोडचा पत्ता ठेवणारा पॉइंटर आणि `मागे` म्हणजे दुहेरी लिस्टमधला मागच्या नोडचा (एकेरी लिस्टमध्ये फक्त `पुढे` असतो). हेड पहिल्या नोडचा पत्ता ठेवतो, टेल शेवटच्याचा, आणि नल म्हणजे कुठेच न दाखवणारा पत्ता. कोडचे तुकडे कोणत्याही एका भाषेतले नाहीत. भाषेनुसार जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. नोड "काढला" म्हणजे नेमकं काय झालं?

दोन वेगळी कामं झाली: साखळीतून सोडवणं आणि मेमरी परत करणं. समजा १० → २० → ३० अशी लिस्ट आहे आणि २० काढायचा आहे. बदल होतो तो १० मध्ये: त्याच्या `पुढे`त आता ३० चा पत्ता येतो. २० च्या नोडला आपण हातही लावत नाही. तो मेमरीत जिथे होता तिथेच असतो आणि अजूनही ३० कडेच बोट दाखवत असतो, फक्त हेडपासून चालत निघालं तर तो वाटेत लागत नाही.

म्हणून काढण्याचा कोड लिहिण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: या नोडकडे कोण कोण बोट दाखवतंय? आधीचा नोड, हेड, टेल, एखादा इटरेटर (लिस्टवरून एकेक घटक चालत जाणारा), हॅश टेबलमधली (किल्लीवरून थेट शोधायच्या तक्त्यातली) नोंद, दुसरा थ्रेड (त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम). यांपैकी एक जरी विसरला तरी बग तिथेच सापडतो. पुढची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाची वेगवेगळी रूपं आहेत.

२. एकेरी लिस्टमधून दिलेली किंमत काढायचा साधा कोड कसा असतो?

```
काढ(हेड, किंमत):
    आधीचा = नल
    चालू = हेड
    जोवर चालू != नल आणि चालू.किंमत != किंमत:
        आधीचा = चालू
        चालू = चालू.पुढे
    जर चालू == नल: परत दे हेड
    जर आधीचा == नल: हेड = चालू.पुढे
    नाहीतर: आधीचा.पुढे = चालू.पुढे
    मोकळा_कर(चालू)
    परत दे हेड
```

लूपच्या अटीतला क्रम उलटा करू नका. नलची तपासणी आधी, किंमत नंतर. उलट लिहिलं तर किंमत लिस्टमध्ये असेपर्यंत सगळं ठीक चालतं आणि नसली की शेवटाला नलमधून किंमत वाचायला जाऊन प्रोग्राम पडतो. शेवटच्या नोडसाठी इथे वेगळं काही लागत नाही: त्याचा `पुढे` नल असतो, तोच आधीच्या नोडमध्ये जातो. टेल पॉइंटर ठेवला असेल तर मात्र प्रश्न ८ पाहा.

३. पहिला नोड काढला. फंक्शनच्या आत लिस्ट बरोबर छापली जाते, बाहेर आलो की जुनीच दिसते. का?

फंक्शनला हेडची प्रत मिळाली आणि तुम्ही ती प्रत बदललीत. बाहेरचं हेड अजून पहिल्याच नोडकडे बोट दाखवतंय. जावा आणि पायथनमध्ये त्यामुळे काढलेला नोड परत आल्यासारखा वाटतो. सीमध्ये परिस्थिती जास्त वाईट, कारण नोड मोकळा केलेला असतो आणि बाहेरचं हेड त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहतं.

उपाय तीन. नवं हेड परत द्या आणि बोलावणाऱ्याने ते `हेड = काढ(हेड, २०)` असं न चुकता साठवावं. किंवा हेडचाच पत्ता फंक्शनला द्या. किंवा हेड एका लिस्ट नावाच्या स्ट्रक्टमध्ये वा क्लासमध्ये ठेवा आणि फंक्शनला तो द्या. मोठ्या प्रोग्राममध्ये तिसराच बरा, कारण पहिल्यात बोलावणारा विसरू शकतो आणि कंपायलर सहसा काही बोलत नाही.

४. हेडसाठी वेगळा "जर" दर वेळी लिहावा लागतो. टाळता येईल का?

येईल, दोन प्रकारे. पहिला म्हणजे डमी नोड. हेडच्या आधी एक खोटा नोड जोडायचा, `डमी.पुढे = हेड`, आणि `आधीचा` डमीपासून सुरू करायचा. आता खऱ्या प्रत्येक नोडच्या आधी कोणीतरी असतंच. शेवटी `डमी.पुढे` परत द्यायचं. इथे सवयीने जुनं `हेड` परत दिलं जातं, आणि नेमका पहिला नोड काढला असेल तेव्हाच ते चुकतं.

दुसरा प्रकार सी आणि सी++ मधला: नोडचा पॉइंटर धरण्याऐवजी, त्या नोडकडे दाखवणाऱ्या दुव्याचा पत्ता धरायचा (`&` म्हणजे पत्ता, `*` म्हणजे त्या पत्त्यावर जे आहे ते).

```
दुवा = &हेड
जोवर *दुवा != नल आणि (*दुवा).किंमत != किंमत:
    दुवा = &((*दुवा).पुढे)
जर *दुवा != नल:
    जुना = *दुवा
    *दुवा = जुना.पुढे
    मोकळा_कर(जुना)
```

सुरुवातीला दुवा म्हणजे हेड स्वतः, नंतर तो कुठल्यातरी नोडचा `पुढे` असतो. कोडला दोन्हींत फरकच दिसत नाही, म्हणून "जर"ही लागत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ मध्ये टेडच्या मंचावर चांगल्या कोडची जाण कशी दिसते हे सांगताना हेच उदाहरण दाखवलं होतं. पहिल्यांदा वाचताना हा कोड अवघड वाटतो. कागदावर चौकोन आणि बाण काढून एकदा चालवला की प्रश्न १ मधली गोष्ट डोळ्यांसमोर येते: बदलायचा असतो तो दुवाच.

५. सीमध्ये आधी फ्री केलं आणि मग त्याचा "पुढे" वाचला, तरी बरोबर उत्तर येतंय. मग चूक काय?

चूक आहेच, ती फक्त अजून उघडी पडलेली नाही. फ्री केल्यावर, म्हणजे मेमरी परत दिल्यावर, ती पुसली जाईलच असं नाही, त्यामुळे जुना पत्ता कधी कधी तसाच मिळतो. पण ॲलोकेटर (मेमरी वाटणारा कोड) मोकळ्या तुकड्यांच्या सुरुवातीला बऱ्याचदा स्वतःच्या नोंदी लिहितो (मोकळ्या तुकड्यांची तीही एक लिंक्ड लिस्टच असते) किंवा तोच तुकडा पुढच्या मॅलॉकला (मेमरीच्या मागणीला) देऊन टाकतो. तुमच्या मशीनवर चालणारा कोड दुसऱ्या लायब्ररीवर किंवा जास्त ऑप्टिमायझेशनवर पडतो तो यामुळेच.

क्रम असा ठेवा: पुढचा पत्ता बाजूला साठवा, दुवा बदला, मग फ्री करा. नोडच्या आत वेगळी मॅलॉक केलेली स्ट्रिंग असेल तर ती नोडच्या आधी फ्री करा. नोड गेला की स्ट्रिंगचा पत्ताही गेला.

शंका असेल तर जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर चालू करून प्रोग्राम चालवा. मोकळी मेमरी कुठल्या ओळीत वाचली, ती कुठे मोकळी केली आणि मुळात कुठे घेतली, या तिन्ही जागा तो दाखवतो. नव्याने कंपाइल करणं शक्य नसेल तर व्हॅलग्रिंड वापरा. तो बराच हळू चालतो, पण तयार प्रोग्रामवर चालतो.

६. पूर्ण लिस्ट रिकामी कशी करायची?

लूप लावा: पुढचा साठवा, चालू मोकळा करा, साठवलेल्यावर जा, आणि शेवटी हेड नल करा. हे शेवटचं विसरलं तर पुढचं घालणं मोकळ्या मेमरीवर होतं.

रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) टाळा. एका नोडमागे एक स्टॅक फ्रेम लागते आणि लाखो नोड असतील तर स्टॅक संपतो. हे रिकर्शन न लिहिताही होऊ शकतं: रस्टमध्ये बॉक्सची किंवा सी++ मध्ये युनिक पॉइंटरची साखळी केली, तर पहिला नोड नष्ट होताना पुढचा, त्यात त्याच्या पुढचा असं आपोआप खोल जात राहतं. तिथे डिस्ट्रक्टरमध्ये, किंवा रस्टच्या ड्रॉपमध्ये, लूप लावून एकेक दुवा हाताने सोडवावा लागतो.

७. सगळे २० काढायचे आहेत, पण सलग दोन आले की दुसरा राहून जातो. कुठे चुकतंय?

नोड काढल्यावरही तुम्ही `आधीचा` पुढे सरकवताय. १० → २० → २० → ३० मध्ये पहिला २० काढला की १० च्या पुढे दुसरा २० येतो, आणि तो अजून तपासलेला नाही. नियम असा: काढलं तर `आधीचा` जागेवरच ठेवायचा, नाही काढलं तरच सरकवायचा.

```
आधीचा = डमी
जोवर आधीचा.पुढे != नल:
    जर आधीचा.पुढे.किंमत == २०:
        जुना = आधीचा.पुढे
        आधीचा.पुढे = जुना.पुढे
        मोकळा_कर(जुना)
    नाहीतर:
        आधीचा = आधीचा.पुढे
```

यातला "नाहीतर" गाळला की वरची चूक होते. डमी का, ते प्रश्न ४ मध्ये आहे. सुरुवातीलाच तीन २० असले तरी हा कोड तसाच चालतो.

८. टेल पॉइंटर ठेवला आहे, तरी शेवटचा नोड काढायला पूर्ण लिस्ट का चालावी लागते?

कारण टेल शेवटच्या नोडकडे दाखवतो आणि बदलायचा असतो शेवटून दुसऱ्याचा `पुढे`. एकेरी लिस्टमध्ये मागे जायला रस्ता नाही. टेलमुळे शेवटी घालणं ओ(१) होतं (लिस्ट कितीही मोठी असली तरी तेवढंच काम), काढणं ओ(एन)च राहतं (नोडांच्या संख्येच्या प्रमाणात काम). शेवटून वारंवार काढायचं असेल तर दुहेरी लिस्ट घ्या.

जास्त त्रास देते ती दुसरी चूक: शेवटचा नोड काढला आणि टेल तसाच ठेवला. लिस्ट छापली तर अगदी बरोबर दिसते. पुढचा नवा नोड मात्र काढलेल्या जुन्या टेलला जोडला जातो आणि हरवतो. एकुलता एक नोड काढला तर हेड आणि टेल दोन्ही नल झाले पाहिजेत.

९. दुहेरी लिस्टमध्ये कोणते दुवे बदलायचे?

दोन: मागच्याचा `पुढे` आणि पुढच्याचा `मागे`. मागचा नसेल तर पहिल्याऐवजी हेड बदलायचं, पुढचा नसेल तर दुसऱ्याऐवजी टेल. `मागे`चा दुवा विसरणं ही इथली नेहमीची चूक. ती लपून राहते, कारण सगळे लिस्ट पुढूनच छापतात. चाचणीत लिस्ट दोन्ही दिशांनी चाला आणि दोन्हींकडून मोजणी सारखी येते का ते बघा.

लिस्ट गोल करून मध्ये एक कायमचा सेंटिनल (किंमत नसलेला, डमीसारखा) नोड ठेवला की या अटी उरतच नाहीत. लिनक्स कर्नलची लिस्ट अशीच आहे. तिथे काढलेल्या नोडच्या दोन्ही दुव्यांत मुद्दाम "विषारी" पत्ते भरतात, म्हणजे चुकून कोणी त्या नोडवरून पुढे जाऊ लागलं तर गडबड तिथल्या तिथे दिसते.

१०. हेड माझ्याकडे नाही, फक्त काढायच्या नोडचा पॉइंटर आहे. एकेरी लिस्टमधून तो काढता येतो का?

मुलाखतींतला हा आवडता प्रश्न. उत्तर: नोड काढता येत नाही, त्यातली किंमत काढता येते. पुढच्या नोडची किंमत आणि `पुढे` या नोडमध्ये उतरवायचे आणि मोकळा करायचा तो पुढचा नोड. ओ(१) मध्ये काम होतं.

दोन ठिकाणी हे चालत नाही. नोड शेवटचा असेल तर उतरवून घ्यायला काहीच नाही, आणि त्याला नल "करून" भागत नाही, कारण आधीच्याचा `पुढे` अजून त्याच्याकडेच दाखवतो. दुसरं, त्या पुढच्या नोडचा पत्ता कोणी बाहेर धरून ठेवला असेल तर तो आता मोकळ्या मेमरीकडे दाखवतो, आणि काढलेल्या नोडचा पत्ता धरणाऱ्याला न सांगता वेगळीच किंमत मिळते. खऱ्या प्रोग्राममध्ये ही युक्ती टाळावी असं आमचं मत आहे.

११. लिंक्ड लिस्टमधून काढणं ओ(१) असतं ना? मग माझा प्रोग्राम ॲरेपेक्षा हळू का?

दुवा बदलणं ओ(१), नोड शोधणं ओ(एन). जावाच्या लिंक्ड लिस्टमध्ये पाच हजारावा घटक काढायला सांगितला की ती जवळच्या टोकापासून नोड मोजत जाते. ॲरेलाही काढलेल्या जागेपुढचे घटक सरकवावे लागतात, पण ते सलग मेमरीत असतात आणि प्रोसेसर ते एकगठ्ठा हलवतो. लिस्टमध्ये प्रत्येक पावलाला मेमरीत नवी उडी. शिवाय ६४ बिटच्या मशीनवर ४ बाइटचा आकडा ठेवणारा एकेरी नोड १६ बाइट घेतो (४ आकड्याचे, ४ भरीचे, ८ पॉइंटरचे), दुहेरी २४. ॲलोकेटरचा हिशेब त्यावर वेगळा.

लिस्ट खरोखर जिंकते ती नोडचा पत्ता आधीच हातात असेल तेव्हा. एलआरयू कॅश (भरली की सर्वांत आधी वापरलेला घटक टाकून देणारी तात्पुरती साठवण) हे त्याचं नमुनेदार उदाहरण: हॅश टेबल थेट नोडचा पत्ता देतं, दुहेरी लिस्ट तो ओ(१) मध्ये सोडवते. फक्त नोड काढताना हॅश टेबलमधली नोंदही काढायला विसरू नका.

१२. जावात फॉर-ईच लूपमध्ये रिमूव्ह केलं की कनकरंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येतं. पण कधी कधी येतही नाही. असं का?

लिस्ट आपल्यात किती बदल झाले ते मोजते. इटरेटर सुरू होताना तो आकडा टिपून ठेवतो आणि पुढचा घटक मागितला की जुळवून बघतो. तुम्ही इटरेटरला वळसा घालून थेट लिस्टमधून काढलंत तर आकडा जुळत नाही.

एक्सेप्शन येत नाही ते शेवटून दुसरा घटक काढल्यावर. तेव्हा लिस्टची लांबी एकाने घटते आणि इटरेटरच्या स्थानाएवढीच होते. "अजून आहे का?" या प्रश्नाला उत्तर "नाही" येतं, लूप शांतपणे संपतो आणि शेवटचा घटक तपासलाच जात नाही. एक्सेप्शन आलेलं यापेक्षा परवडलं.

इटरेटरचंच रिमूव्ह वापरा. एका नेक्स्टला एकदाच, नाहीतर इल्लीगल स्टेट एक्सेप्शन येईल. जावा ८ पासून रिमूव्ह-इफ आहे, अट देऊन काढण्यासाठी तेच सर्वांत सोपं. आकड्यांच्या लिस्टमध्ये आणखी एक खड्डा: साधा इंट देऊन रिमूव्ह केलं तर ती जागा समजली जाते, इंटिजर ऑब्जेक्ट दिला तर किंमत.

१३. सी++ मध्ये इरेज केल्यावर इटरेटर पुढे नेला की प्रोग्राम पडतो. बरोबर पद्धत कोणती?

इरेज पुढच्या घटकाचा इटरेटर परत देतं, तोच घ्या: `इट = लिस्ट.इरेज(इट)`. काढलं नसेल तरच `++इट`. फॉर लूपच्या शेवटी `++इट` तसंच ठेवलं तर प्रश्न ७ सारखा एक घटक सुटतो, आणि शेवटचा काढला असेल तर एंडच्याही पुढे जाणं होतं. लिस्टमध्ये फक्त काढलेल्या घटकाचाच इटरेटर बाद होतो, बाकीचे चालू राहतात. सी++११ मधली फॉरवर्ड लिस्ट एकेरी आहे, म्हणून तिथे इरेज-आफ्टर आहे: त्याला आधीचा इटरेटर द्यायचा आणि पहिला घटक काढायला बिफोर-बिगिन.

आणि ॲल्गोरिदम हेडरमधलं सर्वसाधारण रिमूव्ह घटक काढत नाही, राहणारे पुढे ओढतं फक्त. लिस्टचं स्वतःचं रिमूव्ह वापरा.

१४. पायथन किंवा जावात मेमरी आपोआप जाते. मग दुवा सोडवला की काम संपलं?

बहुतेक वेळा हो. पण काढलेला नोड कुठेतरी धरून ठेवला असेल तर त्याच्या `पुढे`मुळे त्याच्या पुढची सगळी साखळीही जिवंत राहते, मूळ लिस्ट टाकून दिली तरी. म्हणून काढलेल्या नोडचे दुवे नल करणं चांगलं. जावाची लिंक्ड लिस्ट स्वतः तेच करते. अपवाद: कोणी त्याच वेळी त्या नोडवर उभा राहून पुढे जाणार असेल तर दुवे तोडू नका (प्रश्न १९).

१५. शेवटून एन-वा नोड एकाच फेरीत कसा काढायचा?

डमीपासून दोन पॉइंटर सुरू करा. पहिला एन + १ पावलं पुढे न्या, मग दोघांना बरोबर चालवा. पहिला नल झाला की दुसरा नेमका काढायच्या नोडच्या आधी असतो. पाच नोड आणि एन = २ घेऊन बघा: पहिला तिसऱ्यावर पोहोचतो, आणखी तीन पावलांत नल, तेव्हा दुसरा तिसऱ्यावर असतो आणि चौथा निघतो. एन लिस्टपेक्षा मोठा असेल तर पहिला पॉइंटर एन + १ पावलं पूर्ण होण्याआधीच नल होतो. तिथेच थांबा.

१६. दुबार किमती काढायच्या आहेत.

लिस्ट क्रमाने लावलेली असेल तर शेजारचा सारखा असेपर्यंत काढत राहा, एक फेरी पुरते. क्रम नसेल तर पाहिलेल्या किमतींचा हॅश सेट ठेवा. जादा मेमरी नकोच असेल तर प्रत्येक नोडसाठी पुढची लिस्ट चालावी लागते, म्हणजे ओ(एन²).

१७. वर्तुळाकार लिस्टमध्ये वेगळं काय?

नल कुठेच नाही, त्यामुळे थांबायची अट "सुरुवातीला परत आलो" अशी असते. आणि सुरुवातीचाच नोड काढला तर लूप कधीच थांबत नाही. सुरुवात काढली की खूण नव्या हेडवर हलवा. हेड काढताना शेवटच्या नोडचा `पुढे`ही बदलायचा असतो, म्हणून अशा लिस्टमध्ये हेडऐवजी टेल धरून ठेवणं सोयीचं: `टेल.पुढे` म्हणजेच हेड. नोड स्वतःकडेच दाखवत असेल तर तो एकटा आहे. तो काढला की लिस्ट रिकामी.

१८. काढलेला नोड परत त्याच जागी बसवता येतो का?

दुहेरी लिस्टमध्ये येतो, तोही न शोधता. काढलेल्या नोडला त्याचे दोन्ही शेजारी अजून आठवतात, म्हणून `न.मागे.पुढे = न` आणि `न.पुढे.मागे = न` एवढ्या दोन ओळींत तो परत येतो. ही कल्पना हितोतुमात्सु आणि नोशिता यांनी १९७९ मध्ये मांडली. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी २००० मध्ये तिला "डान्सिंग लिंक्स" नाव देऊन, सगळ्या शक्यता चाचपत मागे येणाऱ्या कोड्यांच्या ॲल्गोरिदममध्ये वापरलं.

अटी दोन. नोड मोकळा करायचा नाही आणि त्याचे दुवे पुसायचे नाहीत. आणि काढले त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने परत घालायचे. क्रम चुकला तर नोड आता लिस्टमध्ये नसलेल्या शेजाऱ्यांना जोडला जातो.

१९. दोन थ्रेड एकाच वेळी वेगवेगळे नोड काढतात. नोड वेगळे असतील तर लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लागतो का?

लागतो. क → ख → ग → घ घ्या. पहिला थ्रेड ख काढतो: `क.पुढे = ग`. त्याच वेळी दुसरा ग काढतो: `ख.पुढे = घ`. दोघांचं काम आपापल्या परीने बरोबर, पण उरते क → ग → घ. ग लिस्टमध्येच आहे, आणि दुसरा थ्रेड तो मोकळा करून बसला आहे. "वेगळे नोड" पुरत नाही, कारण ख एकाला काढायचा होता आणि दुसऱ्याला त्याचाच दुवा बदलायचा होता.

पूर्ण लिस्टवर एक लॉक हा पहिला उपाय, आणि बहुतेकांना तेवढाच पुरतो. तो खरोखर अडतो असं मोजून दिसलं तर पुढे जा. टिमोथी हॅरिस यांनी २००१ मध्ये दिलेल्या लॉकशिवायच्या पद्धतीत काढणं दोन टप्प्यांत होतं: आधी काढायच्या नोडच्या `पुढे`मध्येच एका बिटची खूण करायची, मग त्याला साखळीतून सोडवायचं. खूण झालेल्या दुव्यावर दुसऱ्या थ्रेडचा कंपेअर-अँड-स्वॅप (जुनी किंमत तशीच असेल तरच ती एका झटक्यात बदलणारी सूचना) फसतो, त्यामुळे वरचा प्रसंग येत नाही.

मेमरी मोकळी कधी करायची हा प्रश्न तरीही उरतो. कोणी वाचक त्या क्षणी काढलेल्या नोडवर उभा असू शकतो. लिनक्स कर्नलमधल्या आरसीयूत (वाचकांना लॉक न लावता वाचू देणाऱ्या पद्धतीत) म्हणून नोड सोडवल्यावर त्याचा `पुढे` तसाच ठेवतात, म्हणजे तिथे उभा असलेला वाचक लिस्टमध्ये परत येऊ शकतो. मग सोडवण्याआधी सुरू झालेले सगळे वाचक बाहेर पडेपर्यंत थांबतात, आणि त्यानंतरच मेमरी परत करतात.